दाराच्या चौकटीवरची उशी

११ जानेवारी

१६५ वर ९५.

डॉक्टरने ही वही रक्तदाब लिहायला दिली आहे. रोज सकाळी आकडा लिहायचा आणि पुढे "काही विशेष घडलं असल्यास" तेही. आजचं विशेष: माझ्या घरात घोडा राहतो.

घोड्याचं नाव स्किर्मांतास, वय बावीस. पाच वर्षांपूर्वी इथल्या, केदाइनियायच्या बास्केटबॉल क्लबचा कोच झेनोनास त्याला माझ्या दारात उभा करून म्हणाला, "दोनच महिने, लेओकादियाबाई. वसतिगृहाचं छप्पर गळतंय." छप्पर त्याच उन्हाळ्यात दुरुस्त झालं. मला कळलं होतं. पण तसं सांगत फिरणं हे काही माझं काम नाही, आणि भाडं वेळेवर येतं.

आज सकाळी त्याने पुन्हा स्वयंपाकघराच्या चौकटीला कपाळ आपटलं. फडताळातल्या बशा वाजल्या. "काही झालं नाही, तेता," म्हणाला आणि चौकटीवरून हात फिरवला, जणू लागलं होतं ते तिलाच. मी कुणाची मावशी नाही हे त्याला पाच वर्षं सांगते आहे, पण त्याचं तेता म्हणणं काही सुटत नाही.

शेवटी जुन्या रजईचा तुकडा कापला, आत पिसं भरली, वर जाड कापड शिवलं आणि ती उशी त्यालाच चौकटीवर ठोकायला लावली. त्याला स्टूल लागत नाही. मला कपाळाची काळजी नाही, कपाळ देवाने दिलंय आणि ते दगडाचं आहे. पण बशा चेकोस्लोव्हाकियाच्या आहेत. आता तो देशसुद्धा मिळत नाही.

१ फेब्रुवारी

आज सामना होता म्हणून पाद्री फोर्तुनातास यांनी संध्याकाळची प्रार्थना आधी उरकली. प्रवचन इतकं आखूड की मला चष्मा पुसायलाही वेळ मिळाला नाही. बाहेर पडताना मी तसं बोलले, तर म्हणतात, "प्रभू थांबेल हो बाई, रेफरी थांबत नाही." हा माणूस माझ्यावर अंत्यसंस्कार करणार आहे. त्या दिवशी सामना नसावा, एवढंच मागणं.

मी सामन्याला जाते ते हॉल गरम असतो म्हणून. घरी माझं लाकूड जळतं, तिथे नगरपालिकेचं.

जिन्यावरून कपाट उतरवावं तसा स्किर्मांतास धावतो. पण गावातले लोक टाळ्या कुणाला वाजवतात? तो बुटका, केसाला तेल लावलेला पोरगा चेंडू टाकतो, त्याला. तो मोकळा कसा सुटला हे कुणी बघत नाही. माझा घोडा विरुद्ध बाजूच्या दोघांना अंगावर घेऊन उभा राहतो म्हणून हे दिवे लागतात. आणि चेंडू त्याच्या हातात आलाच तर तो ठेवत नाही, लगेच दुसऱ्याच्या हातात घालतो, तोही अलगद, दुधाचा पेला द्यावा तसा. हे मला दिसतं. झेनोनासला दिसत नाही, कारण झेनोनास ओरडत असतो, आणि ओरडताना तो डोळे मिटतो.

घरी आल्यावर सुया. दर रविवारी तो माझ्या आठवड्याच्या सुया ओवून ठेवतो. मला सुईचं भोक दिसणं बंद होऊन चार वर्षं झाली. त्याची बोटं आमच्या गावच्या काकड्यांसारखी, बरणीतल्या नव्हे, बियाण्यासाठी सोडलेल्या. पण दोरा एका फटक्यात जातो. थुंकी लावत नाही, डोळा बारीक करत नाही. पांढऱ्या, काळ्या आणि राखाडी. राखाडी सगळ्यात जास्त लागतात, कारण त्याच्या विजारी राखाडी आहेत आणि दुकानातली कुठलीही विजार त्याच्या नडगीच्या मध्यावर संपते. उरलेली मी जोडते.

१५ फेब्रुवारी

१७० वर १००.

झेनोनास आला आणि टोपी काढली. म्हणजे काहीतरी मागायचं होतं. न विचारता बरणीतल्या काकड्या खाल्ल्या आणि म्हणाला, "बाई, अमेरिकन येतोय."

"कुठल्या पापासाठी?"

"स्किर्मांताससाठी. तिकडच्या मोठ्या व्यावसायिक टीमचा माणूस आहे. देशोदेशी हिंडून कुणी नाव न ऐकलेले उंच पोरगे शोधतो."

"मग बरोबर पत्त्यावर येतोय. याचं नाव पलीकडच्या गल्लीतही कुणी ऐकलेलं नाही."

त्याने क्लबचा कागद दाखवला. फोटो, वय, वजन, उंची २१३.

"हा कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? आपलाच."

"झेनोनास, मी चाळीस वर्षं सरकारी औषधालयात पुड्या मोजल्या. आणि याच्या विजारी मी शिवते. हा दोनशे नऊ आहे. मोजे घालून."

"बाई, हळू बोला!" जणू भिंतीआड अमेरिकन बसला होता. "तिकडे सात फूट लागतात. सगळे क्लब चार सेंटिमीटर घालतात, आणि अमेरिकन चार सेंटिमीटर मनात वजा करतो. आपण खरं लिहिलं तर तो खऱ्यातून वजा करेल. मग पोरगं राहिलं किती?"

मूर्खपणा पुरेसा नीट मांडला की त्याला उत्तर नसतं.

आता मुद्दा. मी दुभाषी व्हायचं. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी 'खरा अमेरिकन' असं ऐकताच आजारपण काढलं. मला इंग्रजी येतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी काउनासच्या मठाच्या शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या काही सिस्टर शिकागोहून आलेल्या होत्या. रशियन आले, सिस्टर गेल्या, आणि पुढची पन्नास वर्षं ही भाषा मी फक्त मांजरांशी बोलले. मांजरं पोलिसात जात नाहीत.

जेवताना स्किर्मांतासला विचारलं, "तुला जायचंय?"

त्याने बिटाच्या सूपात चमचा फिरवला. "मला एकदा बघायचंय, तेता. मी तिथे उभा राहू शकतो का."

"उभा तू इथेही राहतोस. सूप पी."

७ मार्च

अमेरिकन आला. नाव हॅलोरन. मला वाटलं होतं उंच असेल. माझ्या कानापर्यंत येतो, टक्कल आहे आणि बूट ओले. एवढ्या मोठ्या देशाला मोजे वाळवता येत नाहीत. सामना संपेपर्यंत खालच्या रांगेत बसून च्युइंग गम चघळत होता.

स्किर्मांतास घाबरून इतका वाईट खेळला की पाद्रीबाबा मधेच उठून गेले. आणि केसाला तेल लावलेल्या त्या पोराने आज सगळे चेंडू स्वतःच टाकले, कारण अमेरिकनाने चुकून आपल्याला न्यावं अशी त्याला आशा होती. अमेरिकन सारखा चेंडूकडे बघत होता. चेंडूकडे काय बघायचं? तो मांजरालाही दिसतो.

सामन्यानंतर त्याने स्किर्मांतासला भिंतीला उभा करून स्वतःच्या टेपने मोजलं. झेनोनासने तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहिलं.

उद्या सगळे माझ्याकडे जेवायला आहेत.

८ मार्च

आज बोल्शेविकांचा महिलादिन. अमेरिकन बारा ट्युलिप घेऊन आला. बारा! सम आकडी फुलं आम्ही थडग्यावर नेतो. वर उंबऱ्याबाहेर उभा राहूनच हात पुढे केला, आणि उंबऱ्यावरून हात मिळवणं आमच्यात अपशकुनी. मी मनगट धरून त्याला आत ओढला, एक ट्युलिप उपसून कोळशाच्या बादलीत टाकलं आणि मगच हात मिळवला. मी तोंड उघडताच म्हणाला, "बाई, तुम्ही हुबेहूब माझ्या आजीसारखं बोलता." मी म्हटलं, "तुमच्या आजीला शिकवणाऱ्याही बहुधा सिस्टरच असणार. त्यांनी तिला फुलं मोजायला शिकवली नाहीत."

टेबलावर मी, हॅलोरन, झेनोनास, स्किर्मांतास आणि त्याची आई ब्रोने. ती खेड्यातून दोन बस बदलून आली होती, धुरावलेलं सॉसेज आणि चीजचा गोळा घेऊन. मी सेपेलिनाई केले होते. बटाटा किसता किसता बोटांची सालं निघाली, पण एकेक गोळा मुठीपेक्षा मोठा आणि आत मांस भरपूर.

हॅलोरनने वही काढली आणि आधी आईला विचारलं, मुलगा कसा आहे.

ब्रोनेचा चेहरा आनंदाने लाल झाला. "हा? आळशी! झोपला की तोफेने उठत नाही. आणि खाणं! याला वाढवण्यापेक्षा दोन डुकरं पाळली असती तर आज काहीतरी हातात असतं."

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द.

मग झेनोनासला, खेळाडू कसा आहे.

झेनोनासने काटा खाली ठेवला, जाकिटाचं बटण लावलं आणि म्हणाला, "याहून वाईट पाहिलेत." वीस वर्षांत मी त्याच्या तोंडून एवढी स्तुती ऐकली नव्हती. ब्रोनेने डोळ्याला रुमाल लावला. मी भाषांतर केलं.

मग स्किर्मांतासला, तुझ्यात चांगलं काय?

"काय सांगू," तो मान खाली घालून म्हणाला. "हळू आहे. उडी बेताची. डावा गुडघा पावसात कुरकुरतो." मी भाषांतर केलं.

उंची विचारली. मी कुणालाही न विचारता म्हणाले, दोनशे नऊ, मोजे घालून. झेनोनासला इंग्रजी आकडे कळतात. त्याला ठसका लागला आणि ब्रोनेने त्याच्या पाठीत अशा बुक्क्या घातल्या की मुलाची ताकद कुठून आली ते कळलं. हॅलोरन पहिल्यांदाच हसला.

शेवटचा प्रश्न. याला यायचंय का? एकटं राहावं लागेल, कदाचित वर्षभर नुसतं बाकावर बसावं लागेल, आणि तेही ठेवून घेतलं तर.

स्किर्मांतास बोलला. त्याच्या मानाने बरंच बोलला. "जायचंय. भीती वाटते, पण जायचंय. नाही गेलो तर प्रत्येक चौकटीखालून वाकताना मला वाटेल की मी इथपर्यंतच उंच होतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. सेपेलिनाई थंड होत होते आणि त्यावरची चरबी गोठायला लागली होती. मी थोडक्यात सांगितलं: तो म्हणतो की तो इथे अगदी कम्फर्टेबल आहे.

हॅलोरनने मान हलवली आणि वही मिटली. मग छान जेवला. उद्या नऊच्या बसने जाणार आहे.

"काय म्हणाला?" तो गेल्यावर झेनोनासने विचारलं.

"जेवण आवडलं म्हणाला."

भाषांतरात थोडं इकडचं तिकडे होतंच.

९ मार्च

१९० वर ११०.

कालचं अर्धं लिहिलं नव्हतं, ते लिहिते. स्किर्मांतासने ताटात निम्मे गोळे ठेवले. पाच वर्षांत असं घडलेलं नाही, त्याला गोवर आला होता तेव्हाही नाही. पण रविवार होता म्हणून सुया ओवायला बसला. पहिलीचाच दोरा तीनदा चुकला.

मग वर न बघता म्हणाला, "तेता, कम्फर्टेबल म्हणजे काय?"

मी म्हटलं, "एक प्रकारची खुर्ची."

"असं," तो म्हणाला, आणि पुढची सुई घेतली.

सकाळी उठले ती अमेरिकनावर संतापूनच. माणूस जगभर हिंडतो आणि त्याला एवढंही कळू नये? आई चारचौघांत पोराला आळशी म्हणते आणि हा वहीत 'आळशी' लिहितो! अशा माणसाला सत्य कुणीतरी हातात द्यावं लागतं, चमच्याने भरवावं लागतं. दुसरं कुणी इंग्रजी बोलणारं नाही, म्हणून मी कोट घातला.

हॅलोरन हॉटेलात अंडी खात होता. मी समोर बसले.

"मिस्टर हॅलोरन, काल तुम्ही जे ऐकलंत ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं."

"बाई, मला युरोपात हे रोज कुणीतरी सांगतं."

"इथे आपल्या माणसाची स्तुती आपण करत नाही. आई त्याला आळशी म्हणाली, म्हणजे त्याच्यासाठी ती इथून काउनासपर्यंत गुडघ्यांवर चालत जाईल. कोच 'याहून वाईट पाहिलेत' म्हणाला, यावर तुमच्याकडे पुतळा उभारतील."

"आणि गुडघा?"

"इथे सगळ्यांचा गुडघा दुखतो. दुखत नाही म्हणणाऱ्याला लोक उर्मट समजतात."

तो हसला, मग अंड्यावर मीठ घालत म्हणाला, "ठीक. पण अडचण गुडघ्याची नाही. तो इथे खुशीत आहे म्हणालात. खुशीत असलेला पोरगा मी नेत नाही. महिन्याभरात घरी पळतो. हे त्याचंच वाक्य ना?"

मी वेट्रेसकडे चहा मागितला. चहा फार लवकर आला.

"त्याचं वाक्य माझ्या तोंडात राहिलं होतं," मी म्हटलं. "ते असं." आणि चौकटीसकट सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

हॅलोरनने अंडी बाजूला सारली.

मग मी स्तुती केली. बाहत्तर वर्षांत पहिल्यांदा, भर हॉटेलात, टोपी न काढता. मठात स्तुती फक्त देवाची होत असे, आणि तीही रांगेत उभं राहून. मला वाटलं आपण बाजारात परकर वाळत घालतो आहोत. मी म्हटलं, तुम्ही परवा चेंडूकडे बघत होतात, चेंडू नसतो तिथे बघायला हवं होतं. दोन माणसं त्याच्या अंगावर येतात, म्हणून बाकीचे चौघे मोकळे सुटतात. चेंडू हातात आला तर तो देतो, आणि घेणाऱ्याला आपण झेलला असं वाटतं, इतका तो हळू येतो. आणि हात म्हणाल तर माझ्या सुया तोच ओवतो.

"सुया?"

"शिवणाच्या. दर रविवारी. एका फटक्यात."

"ते हात? सुया?" त्याने स्वतःचा हात पुढे करून बघितला. "दर वेळी एका फटक्यात?"

"काल सोडून. काल त्याला कुणीतरी त्रास दिला होता."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग वही उघडली. "बाई, या दौऱ्यात मी बरेच उंच पोरगे पाहिले. कागदावर सगळे सात फुटी. सगळ्यांचे कोच, आया, मामा शपथेवर सात फूट म्हणाले. दोनशे नऊ म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या, आणि माझी टेपही तेच म्हणाली. तेव्हा सुयांवर विश्वास ठेवायला मला हरकत नाही. उन्हाळ्यात चाचणी असते. तिथे बोलावू शकतो. पण ठेवून घेण्याची शक्यता विसात एक धरा."

"विसात एक? याहून जास्त आशा मी देवाकडून ठेवते, आणि त्याचा अनुभव काही फारसा बरा नाही."

"मग तुम्हाला सवय असेल," तो म्हणाला आणि माझ्या चहाचे पैसे दिले.

घरी आले. स्किर्मांतास लाकडं फोडत होता. मी म्हटलं, "तो खुर्ची नाही. त्या शब्दाचा अर्थ."

"माहीत आहे, तेता," तो म्हणाला. "क्लबच्या टीव्हीवर त्यांचे सामने इंग्रजीतच लागतात ना."

कालपासून माहीत होतं गाढवाला. आणि तरी सगळ्या सुया ओवल्या.

१० मार्च

१४० वर ८५. डॉक्टर विचारतो, गोळी बदलली का.

१७ मे

बोलावणं आलं. जुलैत चाचणी. सकाळपासून दाराशी रीघ आहे, आणि जे आजवर त्याला 'तो लांबट' म्हणत होते ते सगळे त्याचे चुलत भाऊ निघाले. ब्रोने फोनवर रडली: "आळशी आहे हो तो, दोन दिवसांत परत पाठवतील!" पाद्रीबाबांनी प्रवचनात बायबलातल्या राक्षसाचा, गोलियाथचा, उल्लेख केला, चांगल्या अर्थाने. पुढे एका पोराच्या गोफणीने त्याचं काय झालं ते बहुधा विसरले.

मी त्याला रोज संध्याकाळी इंग्रजी शिकवते. वस्तू, आकडे, रस्ता विचारणं सगळं जमतं. एकच जमत नाही.

"म्हण, मी चांगला आहे."

"तेता, हे नको."

"तिकडे विचारतील तेव्हा हेच म्हणावं लागतं. लाज सोड. मी हॉटेलात सोडली, मेले का? म्हण. मी चांगला खेळाडू आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. दोन मीटर नऊ सेंटिमीटर लाल झाल्यावर स्वयंपाकघरात उजेड पडतो. "मी..." तो म्हणाला. "मी..."

"हं?"

"याहून वाईट पाहिलेत."

मी डाव घातला पाठीत. डाव वाकला.

२ जुलै

गेला.

सकाळी मी पावासाठी रांगेत उभी होते तेवढ्यात त्याने दूध उतू घालवलं. स्वयंपाकघरात एकटा होता आणि शेगडीकडे लक्ष नाही. काय करत होता देव जाणे. मला बघून दोन्ही हात पाठीमागे घेतले.

निघण्याआधी सगळे बसलो, बसायचं असतं तसं, न बोलता. मी, ब्रोने, झेनोनास आणि तो. तो बॅगेवर बसला आणि बॅगेचं कुलूप तुटलं. झेनोनासने आपल्या पट्ट्याने बॅग बांधली आणि विजार हाताने धरून स्टेशनपर्यंत आला.

दारातून बाहेर पडताना स्किर्मांतास वळला. "तेता, ती उशी काढू नका."

"मी कशाला काढू? स्टुलावर चढायचं माझं वय नाही. वाक, नाहीतर बाहेरच्या चौकटीला आपटशील."

वाकला. मग आणखी वाकला आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली. अंगात नवा कोट, या उन्हात. विजारींच्या कडा मी दुहेरी शिवल्या आहेत. कोण जाणे, अजून वाढायचा.

२६ जुलै

१२५ वर ७५. डॉक्टर म्हणतो, "अभिनंदन! दाब अगदी तरुण मुलीसारखा. घरात शांतता झाली ना आता?"

मूर्ख.

सुया ओवता येत नाहीत. शेजारच्या नातीला बोलावलं, तिने दोरा चावून चावून त्याला दाढी आणली.

११ ऑक्टोबर

झेनोनास धावत आला. टोपी डोक्यावरच, म्हणजे काही मागायचं नव्हतं. "ठेवला! बाई, ठेवून घेतला! एका वर्षाचा करार!"

"खेळवणार का?"

"बाकाच्या अगदी टोकाला बसवणार. सामन्याचा निकाल लागल्यावर दोन मिनिटं सोडतील, असं हॅलोरन म्हणतो."

"म्हणजे बसायला नेला. बसायला इथे खुर्ची नव्हती का?"

पण ऐकते आहे कोण. जुलैची चाचणी लांबत लांबत ऑक्टोबरपर्यंत चालली; तिची गोष्ट त्याने सांगितली, ती लिहून ठेवते. शेवटच्या दिवशी त्यांच्या मोठ्या कोचने सगळ्या पोरांना ओळीत उभं करून विचारलं, तू किती चांगला आहेस? एक म्हणाला सगळ्यात चांगला, दुसरा म्हणाला जगात चांगला. आमच्याने मान खाली घालून इंग्रजीत सांगितलं, "याहून वाईट पाहिलेत." सगळा हॉल हसला. तिकडे त्यांना वाटलं हा केवढा निबर, केवढा आत्मविश्वास! दोन महिने शिकवलं मी, आणि पास झाला तो झेनोनासच्या वाक्यावर.

झेनोनास रडला. मी त्याला काकडी दिली.

मग म्हणाला, आणखी एक काम. नवा पोरगा आलाय, एर्द्विलास, चेंडू खेळवणारा. दोनच महिने, बाई, वसतिगृहात रंगकाम चालू आहे.

पोरगा दारातच उभा होता. चांगला वाढवलेला, पण माणसाच्या मापाचा. आत येताच त्याने चौकटीवरची उशी पाहिली. आता हे बास्केटबॉलवाले उंचावर काहीही दिसलं की उडी मारून त्याला चापट मारल्याशिवाय पुढे जात नाहीत. हाही उडाला, उशीला जोरात हात मारला आणि असा किंचाळला की एक चेकोस्लोव्हाकियन बशी गेलीच.

तळहातातून सुई लोंबत होती. सुईत राखाडी दोरा.

मी स्टुलावर चढले. झेनोनासने स्टूल धरलं. उशीच्या वरच्या कडेला, खालून कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुया टोचलेल्या. ओळीच्या ओळी, सगळ्या ओवलेल्या, दोरे नीट गुंडाळलेले. पांढऱ्या, काळ्या आणि सगळ्यात जास्त राखाडी. तीन महिने मी खाली बसून दोरे चावते आहे आणि हे सगळं माझ्या डोक्यावर होतं! इतकी अक्कल नाही की म्हातारीचा हात तिथे पोचत नाही. त्याला ती जागा हाताशी वाटली.

आणि राखाडी कशाला? राखाडी विजारी अमेरिकेत गेल्या.

"काय आहे वर, बाई?" झेनोनासने विचारलं.

"जाळी," मी म्हटलं. "कोळ्याची. स्टूल नीट धर."

१८ ऑक्टोबर

१५० वर ९०. बरं वाटतंय.

एर्द्विलास मध्यम खातो, मध्यम बोलतो, वेळेवर झोपतो. सुया ओवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तू आपला सराव कर. त्या उशीला हात लावलास तर तुझी बॅग वसतिगृहात जाईल, रंग ओला असो की सुका.

स्वयंपाकघरातल्या पडद्याची कड उसवली आहे. पांढरी सुई लागेल, एक. पण एवढ्याशा कडेसाठी एक सुई संपवायची? लोंबू दे.